कानबाईचा कोंडा

भिकूबाईला सोनगीरच्या त्या घरात येऊन दहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. अशा बाईला घरात राहायला काहीतरी निमित्त लागतं. तिचं निमित्त कोंबडे होते. हमरस्त्यावर ट्रक थांबायचे, तिथला हॉटेलवाला तिचे कोंबडे डोळे मिटून घ्यायचा. ज्वारी माणसांनाच पुरत नव्हती, मग कोंबड्यांना कुठून? म्हणून ती गव्हाचा कोंडा, तुरीची चुनी, भुईमुगाची ढेप, म्हणजे पेंड, असं कालवून घाली. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच. कोंबडे असे भरले की सासू यशोदाबाईसुद्धा म्हणायची, सून वांझ, पण हात गुणाचा.

श्रावणात ढेप संपली. नवरा अभिमनने स्वस्तातली आणली. पावसात भिजलेली, आतून हिरवीकाळी.

"हाई बुरसेल शे," भिकूबाई वास घेऊन म्हणाली.

"म्हैस हाईच ढेप खास ना? मंग कोंबडासले काय धाड भरनी?"

तिने घातली. कोंबडे तोंड लावीनात. कोंडा मिसळावा तर तोही संपलेला. देव्हाऱ्यापाशी मडक्यात होता तेवढाच, श्रावणात घरी बसवतात त्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू दळले त्याचा. त्या घरचा नेम असा, की रोट भावकीबाहेर जायचे नाहीत आणि त्यांचा कोंडाही नदीतच सोडायचा. भिकूबाईला नेम ठाऊक होता. पण कोंबडे वाळत चालले होते, आणि कोंडा शेवटी कोंडाच. तिने मडकं रिकामं केलं. कोंबडे ढेपेसकट सगळं खाऊन गेले.

मग ते माना टाकू लागले. खुराडं ओस पडलं, तेव्हा यशोदाबाईने मडकं उचलून पाहिलं.

"कानबाईना कोंडा कोंबडासले टाका? मंग देवी कोपनारच."

गल्ली जमली. भिकूबाईने कोंडा घातल्याचं कबूल केलं आणि नवऱ्याकडे वळली. "मायले सांगा ना, ढेप बुरसेल व्हती."

अभिमन वर्षभर दुसरी बायको शोधत होता. कायद्याने बंदी आली होती, पण कायदा काही सोनगीरच्या पंगतीत बसत नव्हता. अडत होतं ते भावकीत. बिनकसुराची बायको काढली तर लोक नावं ठेवतात. आता कसूर आयता घरी चालत आला होता.

"माय सांगस ते खरं शे," तो खाली बघत म्हणाला.

सगळं खापर तिच्या माथी फुटलं. सकाळी तिला माहेरी धाडायला गाडी जुंपली. गाठोडं मांडीवर घेऊन ती बसली. देवी खरंच कोपली असेल, आपलंच चुकलं, असं तिला आता मनापासून वाटत होतं. गाडी गोठ्यावरून निघाली. आत अभिमन गव्हाणीतली ढेप दोन्ही हातांनी उपसून बाहेर फेकत होता. म्हैस मान पुढे करत होती आणि तो तिला मागे ढकलत होता.

"नको खाऊ, बाय," तो मायेने म्हणाला, "मरी जाशी."

भिकूबाईने ते ऐकलं आणि तिला रडू कोसळलं.