पातळ पुस्तकातला तिसरा धडा

नोकरीवर परत जायचं हे सुनेनं ठरवलं नव्हतं, सासूनं ठरवलं होतं. "दिवसभर घरात बसून भिंती काय तुझ्याशी बोलणार आहेत?" असं म्हणत तिनंच सुनेच्या जुन्या मैत्रिणीचा नंबर शोधून काढला. एकेकाळी या दोघी एकाच टेबलाला बसून प्रोग्रॅम लिहायच्या. आता मैत्रीण टीमची प्रमुख झाली होती.

फोनवर मैत्रीण भरभरून बोलली. "तुझं डोकं गंजणाऱ्यातलं नाही गं. फक्त पद्धत बदललीय. आपण वेबसाइटचं प्रत्येक पान वेगळं लिहायचो ना, आता सगळं कंपोनंटचं काम. एक तुकडा एकदाच नीट लिहायचा आणि हवा तिथे लावायचा. एखादं चांगलं पुस्तक घे, हात बसला की चाचणी दे." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आणि मुलगी कशी आहे आता? बरी ना?"

फोन स्पीकरवर होता. सासूनं फोन तिच्या हातातून घेतला.

"ती गेली बाळा. दोन वर्षं होतील आता." आणि त्याच दमात, "पुस्तकाचं नाव काही सांगतेस का?"

पलीकडे मैत्रीण रडत होती. तिला नाव कसलं सुचणार!

मुलीला घरात ठकी म्हणायचे. खरं नाव होतं ते फक्त शाळेच्या दाखल्यापुरतं. तीन वर्षांची असताना तिच्या रक्तात दोष निघाला. आईनं नोकरी सोडली आणि पुढची पाच वर्षं दवाखाना ते घर आणि घर ते दवाखाना अशी गेली. आठवा वाढदिवस ठकीनं गादीवर बसून केला, फुगे स्वतः मोजून घेतले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. तेव्हापासून तिच्या बापानं तिचं नाव घेतलेलं नव्हतं. कामावरून यायचा, पुढ्यात येईल ते जेवायचा, टीव्ही लावून बसायचा. कुणी नुसतं "ठकी असती तर" म्हटलं की उठून बाल्कनीत जायचा आणि तिथं काहीही नसलेल्या रस्त्याकडे बघत उभा राहायचा.

असो. तर पुस्तक घ्यायला दोघी गेल्या. कॉम्प्युटरची पुस्तकं दुकानाच्या तळघरात होती. वर ट्यूबलाइट फडफडत होती आणि बसायला एकच स्टूल होतं, तेही एका पायानं अधू. सासूनं ते पटकावलं.

"आण एकेक. आणि पहिलं पान मोठ्यानं वाच."

"आई, तुम्हाला यातलं काय कळणार?"

"विषय नाही कळणार. माणूस कळेल. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलाय. 'हॅलो' म्हटलं की कळायचं मला, हा पुढे खेकसणार की नीट बोलणार."

सुनेनं आधी जाडजूड पुस्तक काढलं. पहिल्या पानावर व्याख्या होती, तिच्या पोटात दुसरी व्याख्या. सासूनं दोन वाक्यांत हात वर केला. "हा स्वतःचंच ऐकतोय. पुढचं." दुसरं रंगीत होतं, पानोपानी तयार नमुने, हे उचला आणि तिकडे चिकटवा. सून स्वतःच म्हणाली, "यानं काम होईल, पण का झालं ते कळणार नाही." तिसरं पातळ होतं. ती वाचू लागली. लेखक म्हणत होता, घाबरू नका, आपण एकच छोटी वस्तू बनवू, ती चुकेल, मग दुरुस्त करू, आणि शेवटी ती कुणालाही देता येईल अशी करू.

"हाच," सासू म्हणाली. "हा माणूस फोन आपटणारा नाही."

सुनेलाही ते पटलं होतं. किती तरी दिवसांनी तिच्या बोटांना पान उलटायची घाई झाली होती. पहिला धडा तिनं चाळला, दुसरा चाळला. सगळं सरळ, स्वच्छ, जिथे शंका यावी तिथेच उत्तर. मग तिसरा धडा आला. पहिला खरा कंपोनंट. मुलाची जन्मतारीख द्या, आज त्याचं वय किती ते दाखवेल. हाच तुकडा पुढे शाळेच्या पानावर लावायचा, लसीच्या पानावर लावायचा, वाढदिवसाच्या पानावर लावायचा.

तिनं पुस्तक मिटलं आणि फळीवर जिथं होतं तिथं ठेवून दिलं.

"हे जरा जुनं आहे आई. जाडच घेऊ."

सासूच्या कपाळाला आठी पडली, पण विषय सुनेचा होता. तिनं पैशांसाठी पिशवी उघडली.

जाड पुस्तक घरी आलं आणि सुरू झालं रोजचं डोकं आपटणं. सून सकाळी कामं आवरून लॅपटॉप उघडायची, व्याख्या वाचायची, परत वाचायची. पालथ्या घड्यावर पाणी! एक बटण बनवायला घेतलं तर ते एका पानावर चालायचं आणि दुसऱ्या पानावर रुसून बसायचं. चाचणीची तारीख जवळ येत चालली होती. एका दुपारी सासू चहा घेऊन आली, तर सून उघड्या पुस्तकावर डोकं टेकून बसलेली.

"घोडं कुठं पेंड खातंय?"

"मला जमणार नाही आई. मैत्रिणीला कळवून टाकते."

"ते पातळ पुस्तक का नाही घेतलंस? आणि जुनं होतं म्हणून सांगू नकोस. खोटं बोलताना तुझा आवाज खाली जातो."

सुनेनं कप बाजूला सरकवला. "त्यात मुलांचं वय मोजायला शिकवतात," ती म्हणाली.

सासू खाली बसली. तिथंच, फरशीवर.  सुनेच्या पायावर हात ठेवून नुसती बसून राहिली, आणि चहा दोघींचाही निवून गेला.

दुसऱ्या दिवशी सासू एकटीच बाहेर पडली. परतली तेव्हा पिशवीत पातळ पुस्तक होतं. "तो धडा गाळलास तरी चालेल," ती म्हणाली. "बाकीचा माणूस चांगला आहे."

पण तो धडा गाळता येत नव्हता. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं होतं.

रविवार होता. जेवणं झाली होती, नवरा टीव्हीसमोर बसलेला, सासू पलंगावर आडवी. सून जेवायच्या टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसली आणि तिनं तिसरा धडा उघडला. जमत गेलं. हेच तर वाईट होतं, किती सोपं जमत गेलं! ओळीमागून ओळ आली, बोटांना जुनी सवय आठवली. शेवटी चौकटीत तारीख टाकायची वेळ आली. पुस्तकात एक नमुन्याची तारीख दिली होती. ती टाकली असती तरी झालं असतं. तिनं ती टाकायला सुरुवातही केली. पण हातांनी ठकीची तारीख टाकली.

पडद्यावर उमटलं: ९ वर्षे, ११ महिने.

ती बघतच राहिली. त्या तुकड्याला काय ठाऊक! त्याला जन्मतारीख दिली, त्यानं आजपर्यंत मोजलं. त्याच्या लेखी ठकी वाढतच होती. उंच झाली असेल. पुढचे दोन दात आले असतील. केस परत आले असतील, वेणी घालण्याइतके. सुनेच्या घशातून असा काही आवाज निघाला की सासू धडपडत उठून बसली आणि नवऱ्यानं मान वळवली.

"काय झालं?" म्हणत तो टेबलापाशी आला. तिनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, पण त्यानं पाहिलं होतं.

आता हा बाल्कनीत जाणार, असं दोघींना वाटलं. तो गेला नाही. खुर्ची ओढून बसला.

"पुढच्या महिन्यात दहा," तो म्हणाला.

"तू मोजतोस?" तिनं विचारलं.

"रोज." त्यानं पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "कामावर जाताना शाळेची बस दिसते. त्यात तिच्याएवढी कोण असेल ते बघतो. दर वर्षी थोड्या मोठ्या मुलींकडे बघावं लागतं." आणि मग, दोन वर्षं दाबून धरलेलं ते नाव त्याच्या तोंडून निघालं, "ठकी गं," आणि तो टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. सासूनं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.   टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्यानं हसत होतं. तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

तिन्हीसांजेपर्यंत तो ठकीबद्दल बोलत होता. ती डॉक्टरांना कशी चिडवायची, सुई टोचताना कोणतं गाणं म्हणायची. बायकोला ठाऊक नसलेल्या गोष्टीही त्यात निघाल्या. तिनं त्या सगळ्या ऐकून घेतल्या. कुणाचं मन हलकं वगैरे झालं नाही. उलट त्या रात्री घरात कुणीच नीट झोपलं नाही, आणि सकाळी तिघंही सुजलेल्या डोळ्यांनी आपापल्या कामाला लागले.

पुढचे धडे तिनं एकामागून एक संपवले. चाचणीत तिला शोधाची चौकट बनवायला सांगितली, तीन वेगवेगळ्या पानांवर चालेल अशी. तिनं ती बनवली. मैत्रिणीनं बाहेर येऊन तिला मिठी मारली आणि म्हणाली, "सोमवारपासून ये."

बातमी सांगायला ती भराभर घरी निघाली. जिना चढताना दम लागला तरी थांबली नाही. दार उघडंच होतं. उंबऱ्यावर चपला काढता काढता तिनं पूर्वीच्या सवयीनं हाक मारली, "ठकी, अगं ऐकलंस का..."

आत सासू गहू निवडत बसली होती. तिनं हाक ऐकली. ताट बाजूला सारलं, आणि बसल्या जागी दोन्ही हात पसरून म्हणाली, "ये. मला सांग."