पिवळी कर्दळ

कर्दळ हिरवीगार दिसली आणि मी स्कूटी तशीच टाकून धावले.

वलगावच्या पुढे एका खेड्यात, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीमागे माझा प्रयोग होता. टाकीतलं पाणी दिसतं निर्मळ, पण त्यात नत्र उरतं आणि नाल्यात गेलं की शेवाळ माजवतं. म्हणून ते गिट्टीच्या वाफ्यातून सोडायचं आणि वाफ्यात कर्दळ लावायची. थोडं नत्र ती खाते, उरलेलं मुळांशी राहणारे जंतू हवेत उडवतात. दीड वर्ष मी अमरावतीहून स्कूटीवर हेलपाटे घातले. गेल्या आठवड्यात कर्दळ पिवळी पडली आणि मी नाचायचीच बाकी राहिले, कारण पाण्यात तिला खायला नत्रच उरलं नव्हतं! सोमवारी माझे मार्गदर्शक कमलाकांत सर शेवटचा नमुना घेणार होते. तो पास झाला तरच माझी पदवी.

आणि रविवारी हे असं.

राखण नत्थुजींकडे होती. चाळीस वर्षं कपाशी पिकवलेला माणूस. हसत हसत आले.

"पाह्यलं का मॅडम? पिवयी पडून राह्यली होती. म्हटलं, सायेबासमोर पोरीची इज्जत जाईन. बुधवारी घमेलंभर युरिया टाकला."

"युरिया? काकाजी, काहून?"

"मंग काय टाकाचं होतं?"

"अहो, युरिया म्हणजे नत्रच! तेच तर आपण काढून राहिलो ना!"

ते वाफ्याच्या कडेला धुऱ्यावर बसले. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तूच म्हनली होती बेटा, आपल्या वावरासारखं पाहा म्हनून. पिवयं पान पाहून मी कदी चूप बसलो नाई."

पिवळं का हवं, हे दीड वर्षात मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली; तिथेच बसून मी ते समजावलं.

सोमवारी सरांनी पाण्यात तपासपट्टी बुडवली. ती गडद झाली, म्हणजे नत्र भरपूर. सर म्हणाले, "महिन्याभरात वाफ्याने हे पचवलं तर प्रयोग खरा. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

नत्थुजी रोज वाफ्याशी बसू लागले. कर्दळ डोक्याच्या वर गेली. त्यांच्या पत्नी मैनाबाई विळ्याने ती कापून नेत, म्हणजे नत्र वाफ्याबाहेर. सव्विसाव्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

"बेटा, खुशखबर! पिवयी पडली!"

मागून मैनाबाई ओरडत होत्या, "पीक पिवयं पडलं अन् हा मानूस नाचून राह्यला! येड लागलं याले!"

मला रडूच आलं.

नमुना पास झाला. मी पेढे घेऊन गेले तेव्हा नत्थुजी वाफ्याकडे पाठ करून बसले होते. पेढा हातात घेतला, पण तोंडात घालेनात.

"काय झालं काकाजी?"

"पाहवत नाई वं," ते हळूच म्हणाले. "आता तं पास झाली ना तू? मंग टाकू का मूठभर?"