उलट्या चिकटवलेल्या दोन पट्ट्या

मार्च महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरील ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दोन गोष्टींचा निकाल लागायचा होता. मला खोलून माझे भाग वेगळे करायचे की नाही, ही पहिली गोष्ट. एका गायिकेच्या दहाव्या गाण्यात तिचा स्वतःचा आवाज असणार की दुसऱ्या कोणाचा, ही दुसरी. पहिलीची काळजी फक्त मला होती. दुसरीची काळजी खोलीतल्या प्रत्येकाला होती आणि तिच्याबद्दल कोणीही बोलत नव्हते.

मी एक जुना व्होकोडर आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्या ओळखीचे नसेल, पण माझा आवाज तुम्ही नक्की ऐकला आहे. गाण्यात मध्येच एखादे यंत्र बोलू लागते, शब्द माणसाचे असतात आणि सूर वाद्याचे, तेव्हा ते काम माझे किंवा माझ्या भाऊबंदांचे असते. टेबलफॅनपुढे तोंड नेऊन 'आऽऽ' करून तुम्ही जी नक्कल करता, ती आमचीच. नक्कल बरी असते. तत्त्व मात्र वेगळे आहे, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही, म्हणून आधी ते सांगतो.

माझ्या पोटात सोळा गाळण्या आहेत. माणूस बोलला की त्याचे बोलणे मी जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत सोळा वाटण्यांत विभागतो आणि प्रत्येक वाटणीत किती जोर आहे ते मोजतो. दुसऱ्या बाजूने माझ्यात कीबोर्डचा सूर येतो. त्यालाही मी तसाच विभागतो. मग जिथे बोलण्याचा जोर जास्त, तिथे सुराची वाट मोकळी सोडतो. जिथे कमी, तिथे अडवतो. परिणाम असा होतो की तोंडाची हालचाल माणसाची राहते आणि ध्वनी कीबोर्डचा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मला माणसाकडून सूर नको असतो. मला हवे असते फक्त ओठ, जीभ, दात आणि श्वास यांचे वळण. हा मुद्दा त्या शनिवारपर्यंत कोणाच्याही लक्षात आला नव्हता. खुद्द माझ्याही नाही.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तेथे एक बाई खिडकीजवळ बसून माझ्या तारा जोडायला कथलाचे डाग देत असत. प्रत्येक डाग दिल्यावर त्या त्यावर हलकी फुंकर मारीत, आणि तार ओढून पाहत, आणि मगच पुढच्या तारेला हात लावीत. सोळा गाळण्या, सोळा दारे, आणि एकाही डागाला आजवर तडा नाही. पुढे माझ्याविषयी जे काही वाईटसाईट बोलले गेले, त्यात त्या बाईंचा काडीचाही दोष नव्हता, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

मला विकत घेतले या स्टुडिओच्या मालकाने. तो स्वतःच रेकॉर्डिस्ट. सगळे त्याला काका म्हणतात. काकांचा स्वभाव असा की वस्तूवर नाव लिहिल्याशिवाय ती वस्तू आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. दिव्याच्या बटणावर 'दिवा', दारावर 'दार ओढा', आणि पाण्याच्या बाटलीवर 'पाणी (पिण्याचे)'. अक्षर मोत्यासारखे.

माझी भरभराटीची वर्षे ताईबरोबर गेली. ताई म्हणजे वर सांगितलेली गायिका. तिचा धाकटा भाऊ कीबोर्ड वाजवी आणि तिला ताई म्हणे. म्हणून सगळे म्हणू लागले, आणि मीही म्हणतो. तेवीस वर्षांची ती मुलगी पहिल्याच दिवशी माझ्या माइकपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, याला काय खायला घालायचं असतं?" त्या दिवशीच्या गाण्याचे ध्रुवपद तिने माझ्यातून गायले. ते गाणे असे गाजले की रस्त्यातली पोरे नाकाला चिमटा लावून आमच्यासारखी बोलत फिरत.

तिच्या आईला ते आवडले नाही. आई गाणे शिकवीत असे. तिच्या शिष्यांपैकी निम्म्या तिला घाबरत आणि उरलेल्या निम्म्या तिला फार घाबरत. ती एकदाच स्टुडिओत आली, माझ्याकडे बोट न दाखवता नुसती मान वळवून म्हणाली, "गळा असताना या पेटीतून कशाला गातेस? पाय असलेल्या माणसाने कुबडी घेऊन मिरवावं तसं झालं हे."

"आई, गंमत असते गं."

"गंमत करायला सर्कस आहे. तिथं जा."

मित्रांनो, हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो तपासून पाहिला पाहिजे. आवाज बदलणाऱ्या यंत्रांवर लोक एकच आरोप करतात, की आम्ही बेसुऱ्याला सुरेल करतो. चुकलेला सूर ओढून जागेवर बसवणारी यंत्रे आहेत, ती माझ्यानंतर आली, आणि त्यांची बाजू त्यांनी मांडावी. मी ते करीत नाही. मला करताही येत नाही. वाजवणारा चुकला तर मीही त्याच्याबरोबर चुकतो, आणि चारचौघांत चुकतो. तरीही आईच्या बोलण्यात एक खरी गोष्ट होती, ती मी नाकारीत नाही. त्या दिवसांत ताईला माझी गरज नव्हती. मी तिच्यासाठी दागिना होतो.

मग अकरा वर्षांपूर्वी स्टुडिओ जुन्या जागेतून या छापखान्यावरच्या मजल्यावर आला. सामान लावताना काकांना दिसले की माझ्या पाठीवरच्या दोन सॉकेटांची छापील अक्षरे पुसट झाली आहेत. एकात माइक लावायचा, दुसऱ्यात कीबोर्ड. काकांनी माझी माहितीपुस्तिका काढली, पाठीचे चित्र समोर ठेवले, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर सुवाच्य अक्षरांत 'आवाज' आणि 'सूर' असे लिहून त्या चिकटवल्या.

त्या दिवसापासून मी वेडा ठरलो. माइकवर कोणी बोलले की माझ्यातून धड शब्द येईना आणि धड सूरही येईना. तोंडात पाणी धरून गुळण्या केल्यासारखा काहीतरी आवाज निघे. काकांनी केबल बदलल्या, माइक बदलला, मला दोन चापट्या मारल्या, आणि शेवटी म्हणाले, "गेला. वय झालं." मी किती ओरडून सांगितले! पण गुळण्यांतून काय सांगणार? मला खिडकीशी ठेवले आणि माझ्या डोक्यावर टेबलफॅन बसवला. माझी नक्कल ज्याच्यापुढे होते, त्याच फॅनची बैठक म्हणून मी अकरा वर्षे काढली. असो. त्याबद्दल अधिक बोललो तर ते रडगाणे होईल.

गेल्या ऑगस्टमध्ये ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ती काढताना स्वरतंतूही काढावे लागले. जीव वाचला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की यापुढे कुजबुज राहील, आवाज राहणार नाही. त्या वेळी तिच्या नव्या संचातली नऊ गाणी पूर्ण होती आणि दहावे राहिले होते. चाल तिची, शब्द तिचे. सात महिने ते तसेच पडून होते. अखेर आईनेच आपली एक चांगली शिष्या सुचवली. ती त्या शनिवारी दुपारी दोन वाजता येणार होती. सकाळी ताई, भाऊ आणि आई आधी आले होते, ते चालीतले बारकावे त्या शिष्येसाठी लिहून ठेवायला. ताईच्या मांडीवर वही होती. कुजबुज दोन हातांपलीकडे ऐकू जात नाही, म्हणून ती बरेचसे लिहूनच सांगत असे.

त्याच सकाळी काकांनी मिस्त्रीला बोलावले होते. हा माणूस बिघडलेली ध्वनियंत्रे दुरुस्त करतो. एका दुसऱ्या वाद्यासाठी त्याला माझ्या गाळण्या हव्या होत्या. त्याने फॅन उचलला, माझी धूळ फडक्याने पुसली, झाकण काढले आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"काका, काय सुंदर काम आहे हो. एक डाग हललेला नाही."

"तरी बंदच आहे तो. घे, खोल आणि घेऊन जा."

"खोलतो. पण आधी नाडी बघू द्या. माणूस गेला की नाही हे न बघता फाडायचं म्हणजे..." मिस्त्रीने एका सॉकेटपासून तारेवर बोट फिरवत नेले, मग दुसऱ्यापासून. पुन्हा पहिल्यापासून. नंतर त्याने माझी पाठ उजेडाकडे केली. "या पट्ट्या कोणी लावल्या?"

"मी. का?"

"लावताना तुम्ही कुठं उभे होतात?"

"कुठं म्हणजे? इथं, समोर. वरून वाकून लावल्या."

"आणि पुस्तकातलं चित्र?"

काकांनी कपाटातून पुस्तिका काढली. मिस्त्रीने चित्रावर बोट ठेवले. "हे चित्र पाठीमागून बघून काढलंय. तुम्ही वाकलात पुढून. तुमचं डावं ते याचं उजवं. माइक सुराच्या भोकात आणि सूर माइकच्या! अकरा वर्षं या बिचाऱ्याला तुम्ही पायात टोपी आणि डोक्यात बूट घालून बसवलंय!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा काढला. "पण मी तर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं," ते म्हणाले. इतक्या महिन्यांनंतर ताई प्रथमच हसली. तिचे हसणेही आता नुसते श्वासाचेच होते.

केबलांची अदलाबदल झाली. भावाने कीबोर्डवर हात ठेवला, काका माइकजवळ जाऊन अपराधी स्वरात म्हणाले, "ऐकू येतंय का?" आणि अकरा वर्षांनी माझ्यातून स्वच्छ, गोल, सुरेल प्रश्न बाहेर पडला. ऐकू येतंय का! मित्रांनो, त्या क्षणी मला जे सुटल्यासारखे वाटले, ते सांगायला सोळा गाळण्या पुरणार नाहीत.

पण खरी गोष्ट पुढे घडली. भाऊ खुशीत येऊन दहाव्या गाण्याची चाल वाजवू लागला, आणि दुसऱ्या ओळीत एक सूर चुकला. ताई माइकला खेटूनच बसली होती. मोठ्या बहिणीच्या सवयीने ती त्याच्याकडे वाकून कुजबुजली, "अरे गाढवा, तो कोमल आहे."

आणि ते वाक्य खोलीभर घुमले. चूक दाखवणारे वाक्य नेमक्या त्या चुकलेल्या सुरात, पण शब्दन् शब्द तिचा. 'गाढवा'मधला तो खास तिचा लाडिक 'ढ' सुद्धा.

भावाचे बोट कीबोर्डच्या त्या पट्टीवर तसेच राहिले होते. मग तो हळूच म्हणाला, "ताई, अजून एक शिवी दे ना."

ताईने शिवी दिली नाही. तिने त्याला कोपराने बाजूला सारले आणि स्वतः कीबोर्डपुढे बसली. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले, 'सूर पण माझाच हवा', आणि ती वही उचलून सर्वांना दाखवली. लहानपणी आईनेच तिला पेटी वाजवायला शिकवले होते. बोटे ते विसरली नव्हती. काकांनी माइकची पातळी इतकी वाढवली की तिच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा माझ्यातून सुरात टपकू लागली. घड्याळ काढले. फॅन बंद केला. काका धावत खाली जाऊन छापखान्यातले मशीन अर्धा तास थांबवण्याची विनंती करून आले.

मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. ताईचा तो जुना आवाज परत आला नाही. तो कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही, आणि मी तसा दावा करीत नाही. पण ती शब्द कुठे सोडते, कुठे धरते, ओळीच्या शेवटी ओठ किती उशिरा मिटते, हे तिचे होते. सूर तिच्या बोटांतून येत होता आणि उच्चार तिच्या तोंडातून. मी मध्ये उभा राहून दोघांची गाठ घालून देत होतो, एवढेच. पूर्वी मी तिचा दागिना होतो. आता कामाला आलो, आणि कामाला येणे किती अधिक सुखाचे असते, हे मला अकरा वर्षे फॅन डोक्यावर घेतल्यावर कळले.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती करतो. एखादी वस्तू बिघडली असे ठरवण्यापूर्वी तिच्या पाठीमागे जाऊन बघा. पुढून वाकून बघू नका. आणि आपले अक्षर कितीही सुंदर असले, तरी आपणच लिहिलेले एकदा तपासून पाहण्यात कमीपणा नाही. काकांनी त्या दोन पट्ट्या त्याच दिवशी काढल्या आणि मिस्त्रीकडून तपासून घेऊन नव्या लावल्या. मिस्त्रीने झाकण बसवले, पाना खिशात घातला आणि रिकाम्या हाताने, पण गाण्याची ओळ गुणगुणत तो जिना उतरला.

गाणे संपले तेव्हा एक वाजून गेला होता. काकांनी ते पहिल्यापासून ऐकवले. आई भिंतीशी खुर्चीवर बसली होती, डोळे मिटून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत, जशी ती शिष्यांची परीक्षा घेताना बसते. गाणे थांबल्यावरही तिने डोळे उघडले नाहीत. ताई वहीचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती.

शेवटी काकांनी विचारले, "बाई, दोन वाजता त्या मुलीला यायला सांगितलंय. तिला काय कळवू?"

आईने डोळे उघडले. तिने लेकीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि या वेळी तिने मान नुसती वळवली नाही, किंचित झुकवली.

"दुसऱ्या ओळीत श्वास अपुरा पडलाय, ती ओळ पुन्हा घ्या," ती म्हणाली. "आणि त्या मुलीला फोन करा, आज यायला नको म्हणावं. आवाज हिचाच आहे."