सम क्रमांकांची उदाहरणं

पुस्तकाच्या शेवटी उत्तरं होती, पण फक्त विषम क्रमांकांच्या उदाहरणांची. पहिलं, तिसरं, पाचवं, असं. सम क्रमांकांची उत्तरं वर्गात सरांनी सांगायची, अशी लिहिणाऱ्याची कल्पना असावी. पुस्तक घेणारा प्रत्येक जण वर्गात बसणारच, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. शिकलेली माणसं अशा बऱ्याच गोष्टी धरून चालतात.

ताई वर्गात बसली ती फक्त अकरा दिवस. बाराव्या दिवशी वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं, आणि गणवेशाच्या कारखान्यात ज्या टेबलावर ते कापड बेतायचे त्या टेबलाशी ताई जाऊन उभी राहिली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ बारा. पुस्तक नवंकोरं होतं, दुकानदार ते परत घेईना, म्हणून घरातच राहिलं. पुढे सगळा जन्म ताई 'आमच्या कॉलेजात' म्हणून गोष्टी सांगत आली, आणि सगळ्या गोष्टी त्या अकरा दिवसांतल्याच. धाकटा तिला चिडवायचा, "तुझ्या अकरा दिवसांत जेवढं घडलं तेवढं माझ्या अख्ख्या नोकरीत घडलं नाही गं!"

कारखान्यात तिला सगळे 'मास्तर' म्हणायचे. कापड बेतणारा तो मास्तर, मग ती बाई का असेना. धाकटा विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला तेव्हा ताई म्हणाली, "चला, घरात दोन मास्तर झाले. एकाच्या हातात खडू, एकाच्या हातात कात्री." खरं तर खडू तिच्याही हातात असायचाच. कापडावर रेघा ओढायला तोच लागतो.

कामावरून आली, वडिलांचं सगळं आवरलं, की ती पुस्तक उघडायची. विषम उदाहरण सोडवायचं, मागे बघायचं, जुळलं की पुढे. सम उदाहरण सोडवायचं आणि नुसतं त्याच्याकडे बघत बसायचं. बरोबर आलं की चुकलं हे सांगणारं आसपास कुणी नव्हतं. म्हणून धाकटा शिकायला दुसऱ्या गावी गेला, तेव्हा तिने एक दोनशे पानी वही आणली, तिच्यात फक्त सम क्रमांकांची उदाहरणं सोडवली आणि पोस्टाने त्याला धाडली. आत चिठ्ठी होती: "विषमाचं माझं मी बघते. समाचं तू बघ."

पहिल्या दोन वह्या धाकट्याने अगदी चवीने तपासल्या. ज्या ताईने आपल्याला पाढे पाठ होईपर्यंत उठू दिलं नाही, तिच्या चुका काढायच्या म्हणजे काय चैन! लाल शाईने तो लिहायचा, "चूक!", "हे कुठून आलं?", "पुन्हा कर!" निम्मी उदाहरणं चुकलेली असायची. ताईला राग यायचा नाही. ती तेवढीच पुन्हा सोडवून पाठवायची आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायची, "आता बघ."

तिसरी वही आली तेव्हा तो नोकरीला लागला होता. घरात तान्हं मूल, विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नाकी नऊ आले होते. वही चार महिने कपाटावर धूळ खात पडली. ताईचं कार्ड आलं, "घाई नाही." तेवढं 'घाई नाही' त्याला झोंबलं. दुसऱ्या दिवशी एका रटाळ बैठकीत त्याने वही मांडीवर घेतली आणि एकेका उदाहरणाखाली 'बरोबर'ची लाल खूण करत गेला. ताईचं अक्षर टपोरं, मांडणी स्वच्छ. चुकीचं काही असेल असं वाटतच नव्हतं. शेवटच्या पानावर त्याने लिहिलं, "शाब्बास, ताई!" बैठक संपायच्या आत वही संपली.

पुढच्या नऊ वह्यांचं तेच झालं. बसमध्ये, मुलीच्या शाळेबाहेर थांबल्या थांबल्या, एकदा तर न्हाव्याकडे नंबर येईपर्यंत. विभागात मात्र हाच गृहस्थ अर्ध्या गुणासाठी पोरांना रडवणारा म्हणून नावाजलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ताई निवृत्त झाली त्या वर्षी वही आली नाही, त्रेचाळीस सुटे कागद आले. ताग्यावर साचे कसे मांडले तर कापड कमीत कमी वाया जाईल, याची तिने एक रीत शोधून काढली होती, आणि नुसती रीत नाही, ती सर्वांत चांगली आहे याची सिद्धताही. अकरा वर्षं ती यावर बसली होती, आणि याबद्दल तिने कुणालाही ताकास तूर लागू दिली नव्हती. मग फोन आला.

"तुझ्याकडे दर शुक्रवारी कुणीतरी फळ्यापाशी उभं राहून आपलं काम सांगतं ना? मला एकदा उभं राहायचंय."

"अगं, त्यात काय! मीच तर विभागप्रमुख आहे."

"तसं नको. तुझी बहीण म्हणून नको. आधी वाच. उभं राहण्याजोगं असेल तरच सांग."

"आहे, ताई. आहे," तो म्हणाला. कागद अजून पाकिटातच होते. त्याने तारीख ठरवली आणि सूचनाफलकावर तिचं नावही लावून टाकलं.

ताईने त्या दिवसासाठी नवी चप्पल घेतली. कपाटाच्या दारावर खडूने लिहून सराव सुरू केला. शेजारीण काय चाललंय ते विचारायला आली तर तिलाही पहिली चार पानं ऐकवली, आणि ती बिचारी हातातलं दूध गार होईपर्यंत ऐकत उभी राहिली.

धाकट्याने पाकीट फोडलं ते त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी, विभागातल्या आपल्या खोलीत. तेही ओळख करून देताना चार शब्द बोलावे लागतील म्हणून.

दोन पानं चाळून ठेवणार होता, पण तो थांबला नाही. पाचव्या पानाशी त्याने चष्मा पुसला. दहाव्या पानाशी दार लावून घेतलं. हे त्याने कुठेही वाचलं नव्हतं. कुणी शिकवल्याशिवाय, वाट चुकत चुकत, ताई फार लांब आली होती. त्याचा ऊर भरून आला आणि थोडी लाजही वाटली. मग विसाव्या पानावर एक ओळ आली: "वही तिसरी, उदाहरण अठरावं, यावरून पुढीलप्रमाणे."

उदाहरण काय होतं तेही तिने खाली उतरवलं होतं. "दर पायरीला जो पर्याय सर्वांत फायद्याचा, तोच निवडत गेलं तर शेवटचा निकालही सर्वांत फायद्याचाच असतो. खरं की खोटं, कारणासह सांगा." ताईने लिहिलं होतं, "खरं."

ते खोटं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलाने असं लिहिलं असतं तर धाकट्याने त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. विसाव्या पानापुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं होतं, आणि ती ओळ गेली की पुढची तेवीस पानं जात होती. शेवटच्या पानावर तिने एक यादी जोडली होती, 'रीत लागू न पडणारे तुकडे'. एकतीस तुकडे, प्रत्येकाचं माप, आणि खाली लिहिलेलं, "हे का बसत नाहीत ते मला अजून कळलेलं नाही. माझंच कुठेतरी चुकत असावं."

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "शुक्रवारी लोक टाळ्या वाजवतील, चहा पितील, घरी जातील. चौसष्ट वर्षांच्या बाईला कोण आडवे प्रश्न विचारणार आहे? तुम्ही मूग गिळून गप्प बसा." क्षणभर त्याला ते पटलंही. पण ताईचं 'आधी वाच' कानातून जाईना. टाळ्या तर तो तीस वर्षं वाजवतच आला होता.

बुधवारी सकाळच्या बसने तो निघाला. दारातच ताईने त्याच्या हातातली पिशवी घेतली. "आलास? अरे, परवा मीच येत होते की. बरं झालं. तुमचा फळा किती उंच आहे रे? वर हात पोचेल ना माझा?" कपाटाचं दार खडूने पांढरं झालं होतं. चप्पल अजून खोक्यात होती.

"ताई, तिसरी वही काढ."

बारा वह्या फळीवर ओळीने होत्या. न शोधता तिने बरोबर तिसरी उपसली.

"अठरावं," तो म्हणाला.

"खरं," ताई वही न उघडताच म्हणाली. "त्याच्यावरच तर सगळा डोलारा आहे."

"ते खोटं आहे, ताई."

ती आधी हसली. मग त्याचा चेहरा बघून वही उघडली, पान काढलं आणि त्याच्यासमोर धरून खालच्या लाल खुणेवर बोट ठेवलं. "अरे, तूच बरोबर दिलंयस की. ही बघ."

त्याने तिचा खडू घेतला. टेबलावर एक लांब रेघ ओढली. "हा बारा मुठी कापडाचा तुकडा. एक साचा नऊ मुठींचा, दुसरा चार मुठींचा. पहिल्या पायरीला फायद्याचा कुठला? नऊचा, जास्त कापड कामी येतं. तो कापला की उरल्या तीन मुठी, त्यात काहीच बसत नाही. पण चार-चारचे तीन कापले—"

"—तर चिंधीही उरत नाही," ताई म्हणाली. "हे मला काय सांगतोस? बारा मुठींचा तुकडा आला की नऊची पाठ बाजूला ठेवायची आणि तीन बाह्या काढायच्या. जन्मभर तेच केलंय."

"मग वहीत असं कसं लिहिलंस?"

"चुकून लिहिलं असेल. तेव्हा कुठे एवढं कळत होतं." ती खुणेकडे बघत राहिली. "पण नंतर कळायला लागलं तरी हे बरोबर होतं ना. तू दिलेलं. रीत वापरायला गेले की हात मागे यायचा. हात म्हणायचा, मास्तर, असं नाहीये. मी म्हणायचे, हाताला काय कळतंय? हात काय कॉलेजात गेलाय?"

धाकट्याने खडू खाली ठेवला. म्हणाला, "ते एकतीस तुकडे. तिथे तुझं काहीच चुकलं नव्हतं, ताई. एकतीसच्या एकतीस वेळा हातच बरोबर होता."

ताईने मान हलवली. मग फार हळू विचारलं, "हे एवढं एकच वाचायचं राहिलं होतं का?"

हो म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता. तिने आजवर त्याचं सगळंच खरं धरलं होतं.

"पहिल्या दोन वाचल्या," तो म्हणाला. "पुढच्या दहा नाही वाचल्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी पाढा चुकला की पाठीत धपाटा घालायची, तसा घातला असता तरी चाललं असतं. ती उठली, कपाटाचं दार ओल्या फडक्याने पुसून काढलं, फडकं पिळलं, वाळत घातलं आणि परत येऊन बसली.

"शुक्रवारी दुसऱ्या कुणाला तरी उभं कर," ती म्हणाली. मग वहीची पानं उलटत राहिली. बोलली ती जणू स्वतःशीच. "पहिल्या दोन वह्यांत माझी निम्मी चुकायची. तिसरीपासून एकही चुकलं नाही. इतका आनंद झाला होता रे मला. कारखान्यात बोलायची सोय नव्हती, हसले असते. पण टेबलाशी उभी असले की मनात यायचं, बाई गं, आपल्याला यायला लागलं."

धाकट्याने खिशातून लाल पेन काढलं. दुसरं काही त्याला सुचलं नाही. तिसरी वही त्याने पहिल्या पानापासून उघडली. "आज मी राहतो, ताई. उद्याही राहतो. सगळ्या वह्या वाचतो."

ती नको म्हणाली नाही. हात मांडीवर ठेवून समोर बसली, वर्गात बसतात तशी.

पहिलंच उदाहरण दोन क्रमांकाचं होतं. त्याने ते ओळ न ओळ वाचलं. दोनदा वाचलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. शेवटची पायरी तर इतकी सुरेख होती की त्याच्या वर्गात कुणाला सुचली नसती. त्याने पेन टेकवायला हात पुढे केला, पण तिथे लाल खूण आधीच होती. शाई जुनी, जराशी फिकट झालेली, त्याच्याच हाताची.

"हे बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "खरंच बरोबर आहे."

"तसं तू तेव्हाही म्हणाला होतास," ताई म्हणाली.