टाचेची हाक

देव सगळ्यांचं ऐकतो, यात शंका नाही. पण शिंपीणबाईचे सासरे कुणाचंच ऐकत नव्हते. दोन्ही कानांनी ठार बहिरे. म्हणून त्यांना बोलवायचं तर ती दुकानावरच्या माडीच्या लाकडी जमिनीवर तीनदा टाच आपटायची. फळ्या हादरल्या की म्हातारबुवा काठी आपटून ओ द्यायचे. शेजारीण नाक मुरडायची, "काय बाई फणकारा! सासऱ्यावर पाय आपटते!" शिंपीण हसून सोडून द्यायची. जगाच्या तोंडाला हात कोण लावणार?

त्या दुपारी ती गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून परतली, तर खालच्या दुकानात इस्त्रीच्या वायरीने घात केलेला. जाळ जिन्याला भिडलेला, वरच्या खिडकीतून काळा धूर. आणि सासरे वरच, जेवून आडवे झालेले.

बंबवाला शिडीने वर जाऊन नुकताच उतरला होता. मुखवटा सरकवून म्हणाला, "ताई, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. कुणी ओ देत नाही. आत कुणी नसेल."

"आहेत हो, मामंजी आहेत! ऐकू येत नाही त्यांना. हाका नका मारू दादा, पाय आपटा! तीनदा!"

"आता जाऊ नकोस रे," त्याचा जोडीदार ओरडला, "वरच्या फळ्या टिकायच्या नाहीत!"

बंबवाल्याने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, मुखवटा चढवला आणि शिडीला हात घातला. तो खिडकीत दिसेनासा झाला, तशी ती पुटपुटली, "देवा, आज माझे पाय त्याला दे."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग धुरातून तो आला. खांद्यावर म्हातारबुवा, त्यांच्या मुठीत काठी तशीच! ते खाली टेकतात न टेकतात तोच आतल्या फळ्या धडाडून कोसळल्या.

"पलंगामागे पडले होते," बंबवाला धापा टाकत म्हणाला. "स्वतःचा हात दिसत नव्हता. पाय आपटले, काठी वाजली, त्या आवाजामागे रांगत गेलो."

म्हातारबुवांनी काजळलेले डोळे किलकिले केले. "सूनबाई, आज एवढी का गं चिडलीस? सगळी खोली हलवलीस!"

रस्ताभर रडता रडता हसू फुटलं. सगळ्यांत जास्त रडत होती ती शेजारीण.

पाणी पिताना बंबवाल्याने डोक्यावरचं शिरस्त्राण काढून शिंपिणीच्या हातात दिलं. हात जोडावेत तर हात गुंतलेले. तिने त्या काळवंडलेल्या शिरस्त्राणावरच कपाळ टेकलं.

"अहो ताई, तापलंय ते! भाजेल!"

"भाजू दे, दादा. जीव निवालाय माझा."