हळू बोल, जयेश

आमच्या घरात हळू बोलतं ते फक्त दुखण्याला पडलेलं माणूस. आजा मिठागरात राबला, या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची तर गळा फाडावाच लागायचा. मिठागरं गेली, घोडबंदर रोडला टॉवर उठले, आमच्याच जागेवरच्या टॉवरमध्ये माझ्या भावाला, जयेशला, फ्लॅट मिळाला. गळा मात्र तोच राहिला. लेकीला, ऋतिकाला, जेवायला हाक मारायचा तरी समोरच्या बिल्डिंगीतले लोक खिडकीत यायचे.

त्याची बायको दीप्ती डोंबिवलीची, मास्तरांची मुलगी. कॉलेजात जमलं दोघांचं. बोलणं इतकं शुद्ध, की आमच्या आयेला वाटायचं टीव्हीवर बातम्या लागल्यात. वाईट नाही हो ती, खोटं कशाला बोलू? पोरीला बोट लावलं नाही कधी. पण तिच्या माहेरी राग म्हणजे गप्प बसणं, मास्तरांचीही तीच रीत. ऋतिकाने दूध सांडलं की दीप्तीचा आवाज आधी खाली जायचा. "ठीक आहे, ऋतिका." मग दोन-दोन दिवस अबोला. पोर मागे मागे फिरायची, "आई, बोल ना गं," आणि ही आपली कपड्यांच्या घड्या घालत राहायची. माझा जीव तुटायचा. जयेश काय, ओरडायचा नि मिनिटभरात तिलाच खांद्यावर घेऊन नाचायचा.

मागच्या दिवाळीनंतर दीप्ती पोरीला घेऊन डोंबिवलीला गेली ती गेलीच. पोर कोणाकडे राहणार म्हणून कोर्टात केस उभी राहिली. तिचा वकील म्हणाला, नवरा आरडाओरडा करतो, घरातली भाषा असभ्य आहे. असभ्य! माझ्या आयेची भाषा असभ्य! डोकंच फिरलं माझं.

आमच्या वकिलाने जयेशला बजावलं, "कौन्सेलर मॅडमसमोर पोरीला भेटायचंय. आवाज चढला तर पोर गेली समज. हळू बोल, जयेश." झालं. माझा भाऊ आरशासमोर उभा राहून हळू बोलायला शिकला. "ऋतिका, कशी आहेस तू?" मला हसू येत होतं नि रडूही.

भेटीच्या दिवशी गळ्यातली चेन काढून, साधा शर्ट घालून गेला. मी शेजारी बसलेले. दीप्तीबरोबर ऋतिका आली आणि दारातच थांबली, बाबाची हाक येईल म्हणून. सात वर्षांचं पोर ते, डोळे नुसते चमकत होते.

"ऋतिका. ये. बस," जयेश म्हणाला. हळू. चेहरा ताठ.

पोरीचं तोंड उतरलं. "बाबा, मी काय केलं?"

तो घाबरला, आवाज आणखी खाली नेला. "काही नाही. ठीक आहे."

"सॉरी बाबा. परत नाही करणार मी." ती मागे सरकली आणि दीप्तीची ओढणी धरून रडायला लागली.

अरे देवा! पोरीच्या लेखी हळू बोलणं म्हणजेच राग, दुसरं काय शिकली होती ती? मी ताडकन उठले. "मॅडम, अहो, तिला वाटतंय बाप रुसलाय—"

"ताई, आधी आवाज खाली करा," मॅडम म्हणाल्या. पोरीकडे बघितलं, जयेशकडे बघितलं. "मूल वडिलांना घाबरतंय. आज इतकंच." पुढे माझं कोण ऐकतंय?

खाली दीप्ती पोरीला रिक्षात बसवत होती. जयेश इतका वेळ दात आवळून उभा होता, ते सुटलं सगळं. "ऋतिकाऽऽ! ए बायऽऽ!" अख्खं आवार वळून बघायला लागलं. वरच्या खिडकीत मॅडमही आल्या.

रिक्षातून पोरीचं डोकं बाहेर आलं. गालावर पाणी तसंच, आणि हसत होती. आमच्याच गळ्याने ओरडली, "बाबाऽऽ!"

दीप्ती ओरडली नाही. पोरीकडे वाकून काहीतरी म्हणाली, इतकं हळू की आम्हाला ऐकू आलं नाही. ऋतिकाचं हसू गेलं. ती मुकाट आत सरकून बसली आणि रिक्षा निघाली.