सात-तीनशेवीसची मोरी

रस्ताही निवृत्त होतो, हे आमच्या खात्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. वरून एक कागद येतो, यादीतला क्रमांक खोडला जातो, आणि कालपर्यंत ज्याला राज्य महामार्ग म्हणत होते तो आजपासून नुसता रस्ता होतो. मागच्या वर्षी ही पाळी राज्य महामार्ग सतरा-पर्यायीवर आली. आम्ही त्याला आमचा सतरा म्हणतो, आणि उगाच म्हणत नाही. तो बांधणाऱ्या टोळीचे मुकादम माझे बाबा होते. त्याचा क्रमांक खोडण्याचे कागद तयार करायचं काम खात्याने नेमकं माझ्या गळ्यात मारलं, कारण त्या भागाची शाखा अभियंता मी आहे.

रस्ता एकोणीस किलोमीटर आणि सहाशे मीटरचा. लाकडाच्या वखारीपाशी तो मोठ्या रस्त्यापासून डावीकडे फुटतो, बाजारातून अंग चोरत निघतो, दवाखान्याच्या मागच्या भिंतीला खेटून जातो आणि किलोमीटरच्या चौथ्या दगडाशी गाव संपलं की ऐसपैस होतो. सहाव्या दगडाला वीटभट्ट्या, आठव्याला शाळा, पुढे टेकडी आणि तिच्यावर सात वळणं. शेवटच्या वळणावरून उतरला की पुन्हा मोठ्या रस्त्याला मिळतो. एकेचाळीस वर्षांपूर्वी तो झाला तेव्हा तोच खरा सतरा होता. पुढे टेकडी फोडून सरळ रस्ता काढला, ट्रक तिकडे गेले आणि ह्याच्या नावाला ‘पर्यायी’ चिकटलं. सरळ रस्त्याचं कौतुक मला सांगू नका. एका वर्षी तिथे दरड कोसळली आणि सगळी वाहतूक नऊ दिवस आमच्या सतरावर आली. चाळीस चाळीस टनांचे ट्रक रात्रंदिवस जात होते. एक खड्डा पडला नाही. बाबा रोज सकाळी घरची खुर्ची उचलून वखारीपाशी जाऊन बसायचे आणि प्रत्येक ट्रकवाल्याकडे असे बघायचे, की त्याने खाली उतरून आभार मानावेत.

खात्याने सोडलेला रस्ता नगरपालिका घेणार होती, पण एका अटीवर. रस्ता सलग हवा आणि त्याच्या सगळ्या मोऱ्या धडधाकट हव्यात. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी काढून द्यायची वाट. जुन्या नकाशावर एकतीस मोऱ्या होत्या. मी दोन मजूर आणि मोजायचं चाक घेऊन पंधरा दिवस रस्ता तुडवला. तीस सापडल्या. एकतिसावी, सातव्या दगडापुढे तीनशेवीस मीटरवर दाखवलेली, काही केल्या सापडेना. दोन्ही बाजूंना पुरुषभर खड्डे खणले. नुसती माती. मग मी तेच लिहिलं जे कुठलाही अभियंता लिहील: ‘मोरी कोसळून भरावात गाडली गेली असावी. भाग वाहतुकीस धोकादायक.’ खाली सही केली.

त्या सहीचा अर्थ मला कळत होता. सहाव्या ते आठव्या दगडामधला तुकडा बंद होणार होता. दोन्ही तोंडांना काँक्रीटचे ठोकळे येणार, शाळेची बस चौदा किलोमीटर वळसा घालणार, आणि मधोमध तुटलेला रस्ता नगरपालिका घेणार नाही. मग तो खात्याचाही नाही आणि गावाचाही नाही. अशा रस्त्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. पाच वर्षांत त्यांच्यावर बाभळी उगवतात. गुरुवारी दोन्हीकडचे लोक मिळून शेवटची पाहणी करणार होते आणि हाती चारच दिवस होते.

घरी जेवताना मी हे सांगितलं. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, कान मात्र तिखट.

“कुठे खणलंत?” त्यांनी विचारलं.

“नकाशात आहे तिथेच. सात-तीनशेवीस.”

बाबा अर्ध्या ताटावरून उठले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “काय बोललीस त्यांना?” मी काहीच बोलले नव्हते. बाबांना टोळीत ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन लावून सोडतो, तो ओळंबा. नकाशापासून हा माणूस सुताएवढाही हलत नाही, म्हणून हे नाव. निवृत्त होताना खात्याने त्यांना पत्र दिलं होतं, ‘संपूर्ण सेवाकाळात नकाशाबरहुकूम काम’. ते काचेत घालून बाहेरच्या खोलीत लावलंय. आल्यागेल्याला ते वाचून दाखवलं जातं, आणि पाहुणा दुसऱ्यांदा आला असेल तरी सुटका नसते.

सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर बाबा दारात उभे. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण.

“मोरी पडलेली नाही,” ते म्हणाले.

“बाबा, मी स्वतः खड्ड्यात उतरले होते.”

“तिथे बांधलीच नाही, तर सापडेल कशी? नव्वद मीटर पुढे आहे. सात-चारशेदहाला. तोंडं झुडपांनी बुजली असतील.”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा असा राग आला की विचारू नका. शाळेत असताना भूगोलाच्या वहीत नदी जरा वाकडी आली, म्हणून ह्याच माणसाने माझ्याकडून तो नकाशा तीनदा काढून घेतला होता. नकाशा म्हणजे नकाशा, हे ऐकत मी मोठी झाले. त्याच भरवशावर दोन मजुरांना दोन दिवस उन्हात खणायला लावलं.

“मोजणी कोरड्या दिवसांत झाली होती,” बाबा जमिनीकडे बघत सांगू लागले. “काम तिथवर पोचलं तेव्हा पावसाळा होता. पाणी तीनशेवीसला येतच नव्हतं. सगळं चारशेदहाला येऊन तुंबत होतं. साहेबांना दोन चिठ्ठ्या पाठवल्या. ते बदलून गेले होते, नवे आले नव्हते. आठ दिवस पाण्याकडे बघत बसलो. मग टोळीला म्हटलं, इथे बांधा.”

“आणि काम पुरं झाल्याच्या कागदावर?”

“‘नकाशाप्रमाणे’ लिहिलं. सही केली.”

“का पण?”

“खरं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती. मोरी उकरायला लावली असती आणि जिथे पाणी नाही तिथे दुसरी बांधायला लावली असती. मी गप्प बसलो. टोळीतल्या अकराजणांनीही तोंडाला कुलूप लावलं. त्यातले नऊ आता नाहीत.” गालावरचा साबण वाळून गेला होता. “आता तू सांगशील सगळ्यांना. ओळंब्याने खोटा कागद केला म्हणून.”

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. एवढ्या वर्षांत त्यांना माझ्यापुढे मान खाली घातलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला ते मुळीच बघवलं नाही. मी म्हटलं, “कुणी काही सांगत नाही. आम्हीच झुडपं तोडताना ती सापडली. मोजणीत चूक होती, इतकंच लिहू. तुमचं नाव कुठेही येणार नाही.”

त्यांचा जीव भांड्यात पडला. “चालेल,” ते लगेच म्हणाले आणि उरलेली दाढी करायला आत गेले. आतून गुणगुणल्याचा आवाजही आला.

गुरुवारी ते आलेच. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. “नुसता बघायला येतो,” म्हणाले. मजुरांनी सकाळीच सात-चारशेदहाला झुडपं साफ केली होती आणि कमरेएवढा गाळ उपसला होता. आत दगडी कमान जशीच्या तशी उभी. आमचे साहेब, नगरपालिकेच्या अभियंता बाई आणि त्यांचे चार लोक, शाळेच्या मुख्याध्यापिका, भट्टीवाले, अशी बरीच मंडळी जमली होती. बाई टॉर्च घेऊन वाकून मोरीत शिरल्या आणि केसांना जळमटं लावून दुसऱ्या बाजूने निघाल्या.

“एक दगड सरकलेला नाही,” त्या म्हणाल्या. “सांध्यात नखसुद्धा जात नाही. असं काम आता कुणाला जमत नाही हो. आम्ही रस्ता घेतला.”

मुख्याध्यापिकांनी टाळ्याच वाजवल्या. माझ्या छातीत अभिमान मावेना. बाबा दोन पावलं मागे उभे राहून उगाच आभाळाकडे बघत होते. चेहरा मात्र पार फुलला होता.

“पण नकाशात तर तीनशेवीस आहे,” बाईंनी कागद उलगडला. “नव्वद मीटरचा फरक कसा पडला?”

“मोजणीतली चूक असावी,” मी ठरल्याप्रमाणे म्हणाले.

साहेबांना घाई होती. “हो हो, तसंच लिहा. मूळ टोळीची मोजणीतली चूक. अडाणी मजूर असतात, टेप धरायला शिकवलं तरी उलटी धरतात.”

मी लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

“चूक नाही,” बाबा म्हणाले.

साहेबांनी वळून पाहिलं. “आपण कोण?”

“त्या टोळीचा मुकादम. हिचा बाप. माझ्या माणसांनी एकोणीस किलोमीटर मोजले, बोटभर इकडेतिकडे झालं नाही. त्यांना मोजता येत नव्हतं असं लिहू नका. मोरी मी मुद्दाम इथे बांधली. पाणी इथे येत होतं. कागदावर खोटं लिहिलं, तेही मीच.”

मी मनात म्हणत होते, बाबा, पुरे, आता थांबा. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“म्हणजे नकाशाबाहेरचं काम. विनापरवाना. मला हे तसंच नोंदवावं लागेल, माहीत आहे ना? बदल करणाऱ्याच्या नावासकट.”

“मग नोंदवा की,” बाबा म्हणाले. “त्यासाठीच पुढे आलोय.”

मी फाइल उघडली. ह्या रस्त्याचा एकेचाळीस वर्षांचा एकूण एक कागद त्या फाइलमध्ये आहे आणि मी तो प्रत्येक वाचलाय. नारळ फोडणारे, फीत कापणारे, सह्या करणारे, बदलून आलेले, बदलून गेलेले, सगळ्यांची नावं आहेत. ज्यांनी दगड बसवले त्यांच्यातलं एकही नाव नाही. माझ्या बाबांचंसुद्धा नाही. त्यांची सही आहे, पण तिच्याखाली नुसतं ‘मुकादम’ लिहिलंय. हे इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला तेव्हा दिसलं.

मी बाबांचं नाव लिहिलं. त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

“थांब,” बाबा म्हणाले. “एकट्याने मोरी बांधता येते होय? अकरा नावं राहिली.”

“रकान्यात जागा नाही,” साहेब म्हणाले.

“कागद उलटा करा,” अभियंता बाई म्हणाल्या. “मागे कोरं आहे.”

बाबांनी डोळे मिटून एकेक नाव सांगितलं. कुणी कुठला दगड घडवला, कुणी कमानीचा साचा धरला, तेही सांगू लागले. एवढं सगळं मला लिहिता आलं नाही. अक्षर वाकडं येत होतं, कारण मला समोरचा कागद नीट दिसत नव्हता. लिहून झालं तसं साहेब म्हणाले, “वाचून दाखवा आणि त्यांची सही घ्या.”

मी वाचायला लागले. “विनापरवाना व नकाशाबाहेर काम केलेल्या इसमांची नावे.”

“मोठ्याने वाच,” बाबा ताठ उभे राहत म्हणाले. “मागच्यांना ऐकू जात नाहीये.”